बारा व्होल्ट, एक बल्ब आणि दुपारचा शॉर्ट

ग्वाल्हेरला वाढलेल्या मराठी मुलाने जयविलास राजवाड्यातली चांदीची रेल्वे पाहिली नाही, असं सहसा होत नाही. शाळेची सहल तरी असते, नाहीतर महाराष्ट्रातून आलेले पाहुणे तरी. झुंबरांकडे बघून मान दुखली की सगळ्यांना त्या लांबलचक जेवणाच्या टेबलाचं आकर्षण. टेबलावर रूळ, त्यावर छोटंसं इंजिन आणि मागच्या सात डब्यांवर एकेक इंग्रजी अक्षर. सगळी मिळून वाचली की ‘सिंदिया’. माधवराव महाराजांच्या हौसेची ही गाडी विजेवर चालायची, पाहुण्यांपुढून ब्रँडी आणि सिगार घेऊन जायची आणि कुणी तिच्यावरची काचेची सुरई उचलली की तिथेच थांबायची.

एकदा व्हाइसरॉयसाठी मेजवानी होती आणि नेमका त्या दिवशी नियंत्रणाच्या पॅनेलमध्ये शॉर्ट सर्किट झाला. गाडी बेफाम सुटली आणि तिच्यावरचं जेवण पाहुण्यांच्या कपड्यांवर उडालं, असा किस्सा लॅपिएर आणि कॉलिन्स यांच्या ‘फ्रीडम अ‍ॅट मिडनाइट’मध्ये आहे. आमच्या आबांना हा किस्सा फार आवडायचा. आम्ही भावंडं हसून लोळायचो आणि आबा मात्र शेवटी गंभीरपणे विचारायचे, “ते सगळं ठीक आहे, पण फॉल्ट कुठे होता?”

आबा रेल्वेच्या सिग्नल खात्यात मेंटेनर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्करातल्या आमच्या जुन्या घराच्या वरच्या खोलीत बारा फूट बाय चार फुटांचा लेआउट उभा केला. विषय ग्वाल्हेरची छोटी लाईन. खरी लाईन दोन फुटी गेजची, ग्वाल्हेरहून श्योपूरपर्यंत दोनशे किलोमीटरच्या आसपास जाणारी. २०२० साली ती बंद झाली. त्या गेजची मॉडेलं सहज मिळत नाहीत, म्हणून आबांनी १६.५ मिलिमीटरचे, म्हणजे एचओ मापाचे रूळ घेतले आणि त्यांवर घोसीपुरा, सबलगढ, श्योपूर अशा हाताने रंगवलेल्या पाट्या लावल्या. शुद्धतावादी मंडळी नाक मुरडतील. आबांना फरक पडत नव्हता.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचाही गेली. आता पाच-सहा शब्द येतात, तेही प्रसंग सोडून. लेआउट धूळ खात पडला. या मे महिन्यात त्यांचं सहस्रचंद्रदर्शन होतं, म्हणून मी पुण्याहून आठ दिवस रजा काढून आले. पहिल्याच संध्याकाळी काकांनी विषय काढला. वरची खोली भाड्याने द्यायचा विचार आहे, गाडी चालत असती तर गोष्ट वेगळी, पण नुसतं लाकूड आणि वायरींचं जंजाळ किती दिवस ठेवायचं? काका वाईट नाहीत. आबांच्या औषधांचा खर्च तेच बघतात. मी म्हटलं, “काका, कार्यक्रमापर्यंत थांबा. तोवर चालली नाही तर मी स्वतः उचलून देते.”

बोलून गेले खरी, पण मी विजेतली नाही, संगणकातली. मदतीला चुलत बहीण, आठवीतली. तिला सगळे धाकटीच म्हणतात.

आम्ही दोघी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरलो आणि गप्प झालो. खाली शंभरेक वायरी होत्या आणि सगळ्या लाल. कुठल्याशा दुकानात लाल वायरीचं अख्खं बंडल स्वस्तात मिळालं म्हणून आबांनी सगळा लेआउट त्यातच केला होता. ना चिठ्ठी, ना आकृती. ज्या माणसाने नोकरीत प्रत्येक दुरुस्ती रजिस्टरमध्ये लिहिली, त्याने घरचं सगळं डोक्यात ठेवलं होतं. आणि त्या डोक्यातलं बाहेर यायची वाट बंद झाली होती.

थोडं मूळ तत्त्व सांगते, म्हणजे पुढचं समजेल. अशा गाडीत एका रुळावर प्लस आणि दुसऱ्यावर मायनस असतो, कंट्रोलरमधून येणारा जास्तीत जास्त १२ व्होल्ट डीसी. इंजिनाची चाकं दोन्ही रुळांवरून वीज घेतात, मधे मोटर. व्होल्टेज कमी-जास्त केलं की वेग बदलतो, प्लस-मायनस उलटवले की गाडी मागे जाते. बस, एवढंच. म्हणून बिघाडही तीनच जातींचे असतात. कुठेतरी वाट तुटलेली असते, कुठेतरी नको तिथे जोडली गेलेली असते, किंवा जोड असतो पण कच्चा असतो. पहिला प्रकार सर्वांत सोपा, तिसरा सर्वांत फसवा.

आणि एक गोष्ट आधीच सांगते, विशेषतः धाकटीच्या वयाच्या वाचकांना. हे सगळं १२ व्होल्टच्या बाजूचं आहे. भिंतीतल्या प्लगपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत २३० व्होल्ट असतात आणि तो डबा उघडायचा नाही. आमच्या कंट्रोलरची मेन्सची वायर चिरलेली दिसली तेव्हा आम्ही ती इलेक्ट्रिशियनकडूनच बदलून घेतली. टेबलाखाली हात घालताना प्लग काढलेला, हे ठरलेलं.

पहिल्या दिवशी काहीच हललं नाही. आधी आम्ही इंजिन वेगळं तपासलं. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीला दोन वायरी लावून त्या दोन बाजूंच्या चाकांना टेकवल्या, इंजिन गुरगुरलं. म्हणजे दोष रुळांत किंवा वायरीत. मग मल्टिमीटर डीसीवर ठेवून उगमापासून पुढे निघालो. कंट्रोलरच्या टोकांवर १२ होते. टेबलाखालच्या पट्टीवर शून्य. मधल्या दीड हात वायरीत उंदराने भोजन केलं होतं. हे अर्ध्या तासात सापडलं आणि आम्हाला वाटलं, आपण फारच हुशार.

दुसऱ्या दिवशी गर्व उतरला. घोसीपुऱ्याला गाडी झोकात निघायची, सबलगढच्या पुढे मरगळायची आणि श्योपूरच्या अलीकडे थांबायची. तिथे मीटर लावला तर १२ व्होल्ट! धाकटी म्हणाली, “ताई, मीटर खोटं बोलतोय.” मीटर खोटं बोलत नव्हता, आम्ही त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वाटेत गंजका, सैल जोड असला तरी करंटच वाहत नसेल तर व्होल्टेज पडत नाही आणि मीटरला पूर्ण १२ दिसतात. समजा त्या जोडात दहा ओहमचा रोध आहे. इंजिनाने ०.४ अँपिअर मागितले की तिथेच चार व्होल्ट खाल्ले जातात आणि इंजिनाच्या वाट्याला आठ उरतात. असे दोन-तीन जोड वाटेत आले की गाडी उभीच राहते.

यावर उपाय म्हणजे मोटारीचा ५ वॉटचा बल्ब, १२ व्होल्टचा, होल्डर आणि दोन वायरींसकट. कोपऱ्यावरच्या ऑटो पार्ट्सवाल्याकडे मिळाला. तो साधारण ०.४ अँपिअर घेतो, इंजिनाएवढाच. बल्ब रुळांना लावायचा आणि तो पेटलेला असताना व्होल्टेज मोजायचं. घोसीपुऱ्याला ११.६. सबलगढला ९. श्योपूरला बल्ब नुसता तांबूस. मग एकेका जोडाच्या अलीकडे-पलीकडे मोजत गेलो. जिथे आकडा एकदम खाली येतो तिथे चोर. रुळाचे तुकडे ज्या छोट्या धातूच्या फिशप्लेटांनी जोडलेले असतात, त्या काळवंडून सैल झाल्या होत्या. फिशप्लेट रुळांना सरळ रेषेत धरायला असते, तिच्यावर विजेचा भार टाकायचा नसतो. म्हणून टेबलाखालून दोन जाड वायरी लेआउटभर फिरवायच्या आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून एकेक बारीक वायर वर आणून सोल्डर करायची. आबांनी ते अर्ध्या लेआउटवर केलं होतं, पुढे बहुधा कंटाळले. उरलेले अकरा तुकडे आम्ही केले. माझे पहिले दोन सोल्डर म्हणजे गोळे होते, तिसऱ्यापासून जमलं. रूळ आधी घासून स्वच्छ करा, रुळाला आणि वायरीला आधी वेगवेगळं कथील लावा, मग दोन सेकंदांत काम संपवा, नाहीतर खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात. आमचे चार वितळले.

रूळ पुसायला सँडपेपर मात्र वापरू नका. त्याने चरे पडतात आणि चऱ्यांत मळ बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती कपडा पुरतो. चाकंही पुसा, निम्मा मळ तिथे असतो.

तिसऱ्या रात्री साडेदहाला गाडी पूर्ण फेरी करून आली. घरभर ओरडा झाला. आबांना खुर्चीसकट वर आणलं, त्यांनी डाव्या हाताने कंट्रोलरची मूठ धरली. काकासुद्धा दारात उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्यांना दाखवायला वर नेलं, तर गाडी ठप्प. कंट्रोलरवरचा ओव्हरलोडचा लाल दिवा. शॉर्ट.

इथे आबांच्या नोकरीतली एक गंमत सांगितली पाहिजे. खऱ्या रेल्वेतही रुळांतून सिग्नलचा बारीक करंट सोडतात. गाडी त्या भागात आली की तिची चाकं आणि आस दोन्ही रूळ जोडतात, म्हणजे शॉर्टच करतात, आणि त्यावरून सिग्नलला कळतं की मार्ग मोकळा नाही. अमेरिकेत विल्यम रॉबिन्सनने १८७२ साली बसवलेली ही युक्ती आजही जगभर चालते. आबा म्हणायचे, “नोकरीत मी शॉर्टवर जगलो आणि घरी त्याच्याशी भांडतो.”

तर शॉर्ट शोधायचा. सगळी इंजिनं उतरवली. तोच ५ वॉटचा बल्ब आता कंट्रोलरच्या एका वायरीत मधोमध जोडला. रुळांवर काही नसताना बल्ब विझलेला हवा. शॉर्ट असेल तर तो पेटतो, आणि करंट त्याच्यातून जात असल्याने कंट्रोलरला इजा होत नाही. बल्ब लख्ख पेटला. मग लेआउटचे निम्मे तुकडे सोडवायचे, बल्ब विझला तर दोष त्या निम्म्यात. मग त्यातले निम्मे. सोळा तुकडे असले तरी चार वेळांत उत्तर. आमचं दुसऱ्या निम्म्यापर्यंत आलं, तोवर जेवायची हाक आली, मग आजीने थोडं पडा म्हटलं, आणि संध्याकाळी वर आलो तर बल्ब विझलेला. सगळं परत जोडलं तरी विझलेलाच. गाडी लावली, छान पळाली.

कुणी हात न लावता बरा झालेला बिघाड म्हणजे डोक्याला सर्वांत जास्त ताप. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सकाळी ठीक, दुपारी शॉर्ट, रात्री ठीक. धाकटीने पाल, उंदीर, शेजारच्यांची दृष्ट असे तीन संशयित लिहून ठेवले. मी म्हटलं, आपण शोधायला नको, राखण करू. बल्ब मधे जोडून ठेवला, इंजिनं उतरवली आणि आम्ही पत्ते खेळत बसलो. पावणेबारा वाजता, कुणी टेबलाजवळही नसताना, बल्ब एकदा लुकलुकला आणि पेटून राहिला. मला आजही तो क्षण आठवतो. उंदीर नव्हता. धाकटी हळूच म्हणाली, “ताई, ऊन आलं.”

तिने मोबाइलमध्ये पाहिलं, बाहेर ४४ अंश. वरच्या खोलीला दगडी पट्ट्यांचं छत, खोलीत त्याहून जास्तच असणार. आणि मग मी एकेक स्विच फिरवत गेले, तर श्योपूरच्या वळणाचा जोडस्विच उलटा केल्यावर बल्ब विझला, सुलटा केल्यावर पेटला.

श्योपूरला आबांनी एक वळसा केला होता. गाडी सांध्यावरून आत शिरते, पूर्ण गोल फिरते आणि त्याच मार्गावर तोंड वळवून परत येते. दिसायला सुंदर, विजेला जाच. बोटाने डावा रूळ धरून वळशात फिरा: परत सांध्याशी येता तेव्हा तो डावा रूळ उजव्या रुळाला जाऊन मिळतो. प्लस मायनसला भिडतो. वायरिंग कितीही चोख असो, हा शॉर्ट रुळांच्या आकारातच आहे. म्हणून वळशाच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ कापून चार फटी ठेवतात आणि गाडी आत असताना जोडस्विचने बाहेरच्या मार्गाचे प्लस-मायनस उलटवतात. एखाद्या टोकाची फट बंद झाली तर स्विचच्या एका स्थितीत शॉर्ट होतो, दुसऱ्या स्थितीत नाही. अगदी आमच्यासारखं.

भिंगातून पाहिलं. खिडकीकडच्या टोकाच्या बाहेरच्या रुळाची फट दिसतच नव्हती. दोन टोकं एकमेकांना चिकटली होती. आबांनी ती सराफ्यातून आणलेल्या सोनाराच्या करवतीने कापली होती, केसासारखी, दिसू नये म्हणून. आता हिशेब बघा. हे रूळ निकेल सिल्व्हरचे. एक मीटर रूळ एका अंशाला साधारण ०.०१६ मिलिमीटर वाढतो. वळसा पावणेतीन मीटरचा, जोड सोल्डर केलेले, म्हणजे मधे कुठे सामावायला जागा नाही. पहाटे ३० अंश आणि दुपारी ४६ धरले तर वाढ ०.७ मिलिमीटर. सोनाराच्या करवतीची फट त्याच्या निम्मीही नसेल. मोठ्या रेल्वेतही याच कारणासाठी पूर्वी दर जोडाला फट ठेवत, तिचाच तो खटक-खटक आवाज.

खात्री करायला मी धाकटीला म्हटलं, “जा, खालचा कूलर वर आणू.” कूलर वळशावर रोखून लावला. वीस मिनिटांनी बल्ब विझला.

आम्ही धावत खाली गेलो आबांना सांगायला. आजी त्यांना पन्हं पाजत होती. मी म्हटलं, “आबा, सापडलं! ऊन आणि वळशाची फट! कूलर लावला की जातं!” आबांनी आजीचा हात बाजूला केला आणि स्पष्ट म्हणाले, “कूलर.”

आणि मग आजी एकदम थांबली. झटक्यानंतर आबांच्या तोंडी जे पाच-सहा शब्द उरले, त्यांतला एक हाच. आम्ही वर काम करत होतो ते सगळे दिवस ते खालून सारखे “कूलर, कूलर” म्हणत होते आणि आजी त्यांच्या तोंडावरचा कूलर जास्त करत होती. एकदा चादरही पांघरली. निवृत्तीनंतरची सगळी वर्षं ते उन्हाळ्यात आधी वर कूलर लावत आणि मग गाडी सोडत, हे आजीला माहीत होतं. तिला वाटायचं, यांना उकडतं.

दुरुस्ती अगदी साधी निघाली. चारही फटी हॅकसॉच्या पात्याने रुंद केल्या, जवळजवळ एक मिलिमीटर. मुदत संपलेल्या बँक कार्डाचे छोटे तुकडे अ‍ॅराल्डाइट लावून फटींत बसवले आणि वाळल्यावर कानशीने रुळाच्या आकारात घासले. आता रूळ वाढले तरी धातूला धातू लागत नाही. शिवाय वळशातले दोन जोड डाग काढून मोकळे केले, म्हणजे वाढीला जागा राहिली. तिथे वीज टेबलाखालून येतेच.

सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी आम्ही मुद्दाम दुपारी दोनला गाडी सोडली, कूलर बंद ठेवून. सगळे घामाघूम. गाडी वळशात शिरली, आबांनी डाव्या हाताने जोडस्विच उलटवला, आम्हाला सांगावं लागलं नाही, आणि गाडी परत घोसीपुऱ्याला आली. काकांनी भाडेकरूला खालची मागची खोली दाखवायचं ठरवलंय.

पुण्याला जायच्या आधी आम्ही टेबलाखालच्या वायरींना पांढऱ्या चिकटपट्टीवर नंबर घातले आणि वही केली. कुठून कुठे, कशासाठी, कधी बदलली. धाकटीने मुखपृष्ठावर ‘रजिस्टर’ लिहून आबांचा अंगठा घेतला. मागे कोथरूडचं जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय बघायला मी आबांना नेलं होतं, तेव्हा सगळे गाड्या बघत होते आणि आबा वाकून टेबलाखाली बघायचा प्रयत्न करत होते. तेव्हा मला लाज वाटली होती.

वहीत एक ओळ अजून रिकामी आहे. चौदा नंबरच्या वायरीला बारा व्होल्ट येतात, ती सबलगढखालून जाते आणि पुढे लाकडात शिरते. ती काढली तर काहीच बंद पडत नाही. आबांना विचारलं की ते नुसते हसतात.